कॉलेज बास्केटबॉलचे कोच आणि नियमभंग : चाहत्यांच्या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल आणि लेक्सिंग्टन या दोन शहरांच्या मधल्या एका गावात राहते. या शहरांत जेमतेम सव्वाशे किलोमीटरचं अंतर. एकीकडे लुईव्हिल विद्यापीठाचा लाल रंग, दुसरीकडे केंटकी विद्यापीठाचा निळा. इथे वाढलेली आपली मराठी मुलं दिवाळीच्या फराळाला जमली की तासाभरात लाल विरुद्ध निळं सुरू होतं, आणि शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येते : "तुमचा कोच लबाड की आमचा?" नोव्हेंबरात मोसम सुरू होतो तो थेट एप्रिलपर्यंत, त्यामुळे हे भांडणही तेवढंच चालतं. भारतातून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना यातलं निम्मं कळत नाही. जे प्रश्न मला नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे मांडते आहे. मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

नियम नक्की कोणाचे? सरकारचे का?

नाही. एनसीएए (नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन) ही कॉलेजमधल्या खेळांसाठी विद्यापीठांनी मिळून चालवलेली संस्था आहे, १९०६ मध्ये स्थापन झालेली. तिचे नियम म्हणजे सभासदांनी स्वतःवर घालून घेतलेली बंधनं. वर्षानुवर्षं त्यांचा गाभा एकच होता : कॉलेजचा खेळाडू हौशी असला पाहिजे. त्याला शिष्यवृत्ती मिळेल, राहण्याजेवण्याचा खर्च मिळेल, पण खेळण्याबद्दल पगार नाही, बुटांच्या कंपनीकडून पाकीट नाही, श्रीमंत माजी विद्यार्थ्याकडून गाडी नाही. शाळकरी खेळाडूला आपल्या कॉलेजात ओढण्याला इथे 'रिक्रूटिंग' म्हणतात. कोचने त्या मुलाला कधी भेटायचं, किती फोन करायचे, घरी जेवायला बोलवायचं की नाही, हेसुद्धा नियमावलीत लिहिलेलं.

यातली मेख अशी, की त्याच मुलांच्या खेळावर कोच दरवर्षी लाखो डॉलर कमवत होते. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा २०१० मध्ये झालेला करार चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा होता. एवढा पैसा सगळ्यांच्या हातातून फिरतो आणि खेळणाऱ्यापाशी येऊन थांबतो, तिथे चोरवाटा निघणारच. चोरवाट निघाली म्हणून चोरी क्षम्य होत नाही, पण ती का झाली हे तरी कळतं.

सगळेच करतात, मग आमच्याच कोचला का धरता?

हा वादातला सर्वांत जुना बचाव आहे आणि त्यात थोडं तथ्य आहे. एनसीएएने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं नाही, ही तक्रार खोटी नाही.

नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगास शाखेचे कोच जेरी टार्केनियन हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. टॉवेल चावत बाकावर बसणारा हा माणूस एनसीएएशी आयुष्यभर भांडला. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८८ मध्ये ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. एनसीएए ही सरकारी यंत्रणा नसल्यामुळे सरकारवर असणारी घटनात्मक बंधनं तिला लागू होत नाहीत, असा तो निकाल. दीड वर्षाच्या आत, १९९० मध्ये, त्यांच्या संघाने ड्यूकला अंतिम सामन्यात १०३-७३ असं धुतलं. पुढे १९९८ मध्ये एनसीएएने चूक कबूल न करता त्यांना २५ लाख डॉलर देऊन वाद मिटवला.

१९८८ मध्ये केंटकीच्या एका सहायक कोचने पाठवलेलं कुरिअरचं पाकीट वाटेत उघडलं आणि त्यात हजार डॉलर सापडले. ते एका नव्या खेळाडूच्या वडिलांच्या नावे होतं. टार्केनियन तेव्हा जे बोलले ते इथे आजही लोकांना पाठ आहे : एनसीएए केंटकीवर इतकी चिडली आहे, की आता क्लीव्हलंड स्टेटला आणखी दोन वर्षांची शिक्षा देणार. मोठ्या घराण्याचं पाप छोट्याच्या माथी, हेच त्यांना म्हणायचं होतं. (प्रत्यक्षात केंटकीवरही कारवाई झाली आणि कोच एडी सटन यांनी १९८९ मध्ये राजीनामा दिला.)

पण "सगळेच करतात" म्हणणाऱ्या माणसाला मी एकच विचारते : हेच शेजारच्या कॉलेजच्या कोचने केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण केंटकीत कोणाला ठाऊक नाही, पण इथे ती रोज जगली जाते. मी ज्या विद्यापीठात शिकले तिथल्या संघावर कारवाई झाली, तेव्हा मीही पहिले दोन दिवस बातमी छापणाऱ्यांवरच रागावले होते. निकालपत्र पूर्ण वाचायला मला आठवडा लागला. राग निवळल्याशिवाय ते वाचवतच नाही, हा माझा अनुभव आहे.

नियम मोडणं आणि अनीतीने वागणं एकच का?

नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. तीन माणसं शेजारी ठेवून बघा.

पहिले केल्विन सॅम्प्सन. ओक्लाहोमात असताना त्यांनी आणि त्यांच्या सहायकांनी २००० ते २००४ या काळात खेळाडूंना ५७७ जादा फोन केले. शिक्षा झाली. ती अंगावर असतानाच ते इंडियाना विद्यापीठात गेले आणि तिथेही फोनचेच नियम मोडले. २००८ मध्ये त्यांना साडेसात लाख डॉलर देऊन निरोप दिला गेला आणि मग पाच वर्षांची 'शो-कॉज', म्हणजे दुसरी नोकरी मिळणं अवघड करणारी, शिक्षा लागली. पुढे २०१२ मध्ये एनसीएएने पुरुषांच्या बास्केटबॉलमधली फोनची मर्यादाच उठवली. ज्या गोष्टीपायी त्यांची कारकीर्द मोडली, ती आज कुठलाही कोच बिनदिक्कत करतो. सॅम्प्सन ह्यूस्टनला गेले, संघ उभा केला आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाकडून फक्त दोन गुणांनी हरले.

दुसरे बॉब नाइट. इंडियानाला त्यांनी १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पाकिटं नाहीत, खोटे गुण नाहीत, बहुतेक मुलं पदवी घेऊनच बाहेर पडायची. नियमपुस्तक समोर ठेवलं तर त्यांच्यासारखा स्वच्छ माणूस सापडणं कठीण. पण १९८५ मध्ये त्यांनी भर सामन्यात मैदानावर खुर्ची भिरकावली, आणि १९९७ च्या एका सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात घातला. त्याची चित्रफीत २००० साली बाहेर आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना काढलं.

तिसरे डेव्ह ब्लिस, टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठाचे. २००३ च्या उन्हाळ्यात त्यांचा खेळाडू पॅट्रिक डेनेही याचा खून झाला. त्याच्याच संघसोबत्याने केला, आणि पुढे त्याने गुन्हा कबूलही केला. चौकशीत उघड होणार होतं, की ब्लिस नियम मोडून डेनेहीची फी भरत होते. ते लपवण्यासाठी ब्लिस यांनी आपल्या खेळाडूंना आणि सहायकांना सांगितलं, की पोरगा अमली पदार्थ विकायचा आणि त्यातूनच फी भरायचा, असं चौकशीत सांगा. मेलेला मुलगा उलटून काय बोलणार?

फी भरणं हा नियमभंग. मेलेल्या मुलावर चिखल उडवणं ही अनीती. पहिल्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही, कधी कधी तर त्यात माणुसकी दिसते. दुसऱ्याला क्षमा नाही. जुन्या प्रकरणांवर बोलताना नियमाचा क्रमांक बाजूला ठेवून मी आधी हे बघते, की यात कोणाचं काय गेलं. सॅम्प्सन यांच्या फोनमुळे कोणाचं काही बिघडलं नाही. नाइट यांच्या हातामुळे एका मुलाचं बिघडलं, आणि ती चित्रफीत बाहेर येईपर्यंत त्या मुलालाच खोटं पाडलं जात होतं.

"मला काहीच माहीत नव्हतं" असं कोच म्हणतात, ते खरं मानायचं का?

लाल-निळ्या भांडणातला हा सर्वांत झोंबणारा प्रश्न.

लुईव्हिलचे रिक पिटिनो घ्या. २०१५ मध्ये उघड झालं, की त्यांच्या हाताखालचा एक माणूस २०१० पासून काही वर्षं खेळाडूंच्या वसतिगृहात बायका आणत होता, भरतीसाठी आलेल्या शाळकरी मुलांसाठीसुद्धा. त्या वसतिगृहाला पिटिनो यांच्या दिवंगत मेहुण्याचं नाव होतं. पिटिनो यांनी आपल्याला काहीही ठाऊक नव्हतं असं सांगितलं, आणि त्यांनी हे करवून घेतलं असं एनसीएएनेही म्हटलेलं नाही. देखरेख केली नाही, एवढा ठपका ठेवला.

केंटकीचे तेव्हाचे जॉन कॅलिपारी घ्या. केंटकीला येण्याआधी ते मॅसॅच्युसेट्स आणि मेम्फिसचे कोच होते. मॅसॅच्युसेट्सच्या संघाची १९९६ ची उपांत्य फेरी रद्द झाली, कारण प्रमुख खेळाडूने एजंटांकडून पैसे घेतले होते. मेम्फिसची २००८ ची अंतिम फेरी आणि त्या मोसमातले सगळे ३८ विजय रद्द झाले, कारण प्रमुख खेळाडूचे प्रवेश परीक्षेचे गुण बाद ठरले. दोन्ही वेळा कॅलिपारी नामानिराळे राहिले, दोन्ही वेळा निकाल यायच्या आत ते पुढच्या नोकरीत होते. लुईव्हिलवाले त्यांना चोर म्हणतात, केंटकीवाले पिटिनोंना. मजेची बाब नाही, पण लक्षात घेण्यासारखी आहे : १९९६ मध्ये कॅलिपारींच्या त्या संघाला उपांत्य फेरीत हरवणारे आणि मग विजेतेपद घेणारे केंटकीचे कोच पिटिनोच होते. या राज्यात दोघांचेही देव्हारे उभे राहिले आणि मोडले.

माझं मत असं. जो माणूस सतरा वर्षांच्या मुलाच्या आजीचा वाढदिवस लक्षात ठेवतो, खेळाडूने रात्री काय खाल्लं हे ज्याला सकाळी कळतं, त्याला वसतिगृहात वर्षानुवर्षं काय चाललं आहे हे कळत नाही, यावर विश्वास ठेवायला मला जड जातं. पण मला जड जातं म्हणून ते सिद्ध होत नाही. अशाच प्रकरणांसाठी एनसीएएने नियम बदलला. २०१२ मध्ये 'हाताखालच्यांच्या कृत्याला प्रमुख कोच जबाबदार' असं गृहीत धरून त्याच्यावर ते खोडून काढायची जबाबदारी टाकली, आणि २०२३ पासून तो आपोआप जबाबदार ठरतो. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

शो-कॉज म्हणजे नेमकं काय?

कोचच्या गळ्यात बांधलेली घंटा. त्या मुदतीत त्याला नोकरी देणाऱ्या कॉलेजने एनसीएएपुढे कारण दाखवायचं, की आमच्यावर निर्बंध का घालू नयेत. बंदी नाही, पण बहुतेक कॉलेजं त्या माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. ब्लिस यांना दहा वर्षांची मिळाली. मिनेसोटाचे क्लेम हॅस्किन्स यांना सात वर्षांची, कारण तिथल्या कार्यालयातली एक बाई खेळाडूंसाठी निबंध आणि गृहपाठ लिहून द्यायची. तिने सांगितलेला आकडा चारशेच्या घरातला होता.

२०१७ च्या एफबीआय प्रकरणात मोठे मासे सुटले का?

मला वाटतं, हो. त्या वर्षीच्या नवरात्रात, २६ सप्टेंबरला, एफबीआयने दहा जणांना पकडलं. त्यात चार सहायक कोच होते, ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे. खेळाडूंना विशिष्ट एजंट आणि सल्लागारांकडे वळवण्यासाठी त्यांनी लाच घेतली होती. एकाने ९१,५०० डॉलर, एकाने २०,०००, एकाने तर जेमतेम ४,१००. शिवाय आदिदासचा एक मोठा अधिकारी खेळाडूंच्या घरी पैसे पोचवण्याच्या आरोपात दोषी ठरला.

चारही सहायक कृष्णवर्णीय होते. एकाही प्रमुख कोचवर फौजदारी खटला झाला नाही. पिटिनो यांची नोकरी गेली, पण २०२२ मध्ये स्वतंत्र समितीने त्यांना दोषमुक्त केलं आणि आज ते न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये आहेत. लुइझियाना स्टेटचे विल वेड एका खेळाडूला दिलेल्या घसघशीत देकाराबद्दल फोनवर बोलताना ध्वनिफितीत सापडले. त्यांना २०२२ मध्ये काढलं, पुढच्याच वर्षी दुसऱ्या कॉलेजने घेतलं. कॅन्ससचे बिल सेल्फ यांच्यावरची चौकशी चालू असतानाच विद्यापीठाने २०२१ मध्ये त्यांना तहहयात करार दिला, तोही अशा कलमासह, की या प्रकरणावरून काढता येणार नाही. शेवटी २०२३ मध्ये कॅन्ससचे २०१७-१८ च्या मोसमातले पंधरा विजय आणि अंतिम चार संघांतला प्रवेश रद्द झाला, शिवाय तीन वर्षांची देखरेख. बस.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला शिक्षा का झाली नाही?

तिथे १९९३ ते २०११ या काळात एका विभागात असे वर्ग चालले, जे भरतच नसत. एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे. सुमारे ३,१०० विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला, त्यांतले बरेच खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने म्हटलं, की हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, त्यामुळे खेळाडूंना खास सवलत दिल्याचा नियम इथे लागू पडत नाही. एखाद्याला हजार डॉलर दिले तर मोसम बुडतो आणि हजारो मुलांना शिकवलंच नाही तर काही होत नाही, हे मला आजही पचलेलं नाही. शिक्षणाचा मोबदला म्हणून ती मुलं खेळत होती ना? मग जे बुडवलं ते शिक्षणच.

जॉन वुडन यांच्याबद्दल बोलायचं का?

बोलायला हवं, पण जपून. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला त्यांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं दिली. सज्जनपणाचा आदर्श म्हणून त्यांचं नाव घेतात. त्याच काळात सॅम गिल्बर्ट नावाचे धनाढ्य बांधकाम व्यावसायिक खेळाडूंना भेटी आणि सवलती पुरवत होते. वुडन निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये, एनसीएएने विद्यापीठाला गिल्बर्ट यांच्याशी संबंध तोडायला लावले. वुडन यांच्यावर कधी ठपका आला नाही. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. पण जो निकष आपण पिटिनो आणि कॅलिपारींना लावतो, तो वुडन यांच्यापाशी आल्यावर आवाज खाली का जातो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आतली गोष्ट बाहेर काढणारा विश्वासघातकी नाही का?

ब्लिस यांचा तो डाव उघड झाला तो एबार राउज या तरुण सहायकामुळे. नोकरीला लागून त्यांना काही महिनेच झाले होते. खोटं बोलायला सांगितल्यावर त्यांनी खिशात टेपरेकॉर्डर ठेवून सगळं ध्वनिमुद्रित केलं. एका मेलेल्या मुलाची अब्रू त्यांनी वाचवली.

त्यानंतर ड्यूकचे माइक शशेव्स्की आणि सिरॅक्यूजचे जिम बेहाइम यांच्यासारख्या नामवंत कोचनी जाहीरपणे नापसंती दाखवली ती राउज यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल. निष्ठा मोडली म्हणे. पहिल्या दर्जाच्या कॉलेज संघात कोच म्हणून पूर्णवेळ काम राउज यांना पुन्हा मिळालं नाही. ब्लिस यांना मात्र शो-कॉजची मुदत संपताच, २०१५ मध्ये, एका छोट्या कॉलेजने कोच नेमलं.

काही जण इथे ब्रूस पर्ल यांचं नाव काढतात. आयोवाचे सहायक असताना १९८९ मध्ये त्यांनी एका शाळकरी खेळाडूशी फोनवर बोलताना गुपचूप टेप केलं आणि प्रतिस्पर्धी इलिनॉयविरुद्ध ते एनसीएएकडे धाडलं. मुख्य आरोप, त्या मुलाला पैसे देऊ केल्याचा, सिद्ध झाला नाही. ज्याने दुसऱ्याला पकडून द्यायला धाव घेतली, तोच पुढे टेनेसीत स्वतःच्या घरच्या मेजवानीबद्दल तपासनीसांशी खोटं बोलला आणि २०११ मध्ये नोकरी गमावून बसला. मी या दोन टेपना एका तराजूत घालत नाही. राउज यांनी आपल्या वरिष्ठाला धरलं, स्वतःच्या पोटावर पाय येणार हे ओळखून. पर्ल यांनी हातून निसटलेल्या एका पोराला बोलतं केलं. त्यांनाही बराच काळ वाळीत टाकलं होतं, पण ते परतले आणि ऑबर्नला दोनदा अंतिम चार संघांत घेऊन गेले.

आता खेळाडूंना उघड पैसे मिळतात, मग जुन्या दोषींना माफ करायचं का?

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देतात. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

म्हणजे १९८८ चं ते हजार डॉलरचं पाकीट आज चहापाण्याचा खर्चही नाही. ज्यांनी फक्त पैसे दिले, त्यांच्यावरचा राग मी सोडला आहे. ज्यांनी अभ्यास खोटा केला, मुलांना बायका पुरवल्या, चौकशीत मुलांनाच खोटं बोलायला लावलं, त्यांचं मोजमाप या निकालांनी तसूभरही बदलत नाही.

शिक्षा त्या वेळी तिथे नसलेल्या मुलांना का?

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. चौकशीला चार-पाच वर्षं लागतात, तोवर दोषी खेळाडू व्यावसायिक झालेला असतो आणि कोच दुसऱ्या गावी. बेलरच्या २००५-०६ च्या मोसमात संघाला आपल्या गटातल्या विद्यापीठांखेरीज कोणाशीही सामना खेळू दिला नाही. ब्लिस तर २००३ मध्येच गेले होते. बंदी भोगली ती नवे कोच स्कॉट ड्रू यांच्या मुलांनी. ड्रू टिकून राहिले आणि २०२१ मध्ये त्याच बेलरला विजेतेपद मिळालं. पण ती २००५ ची मुलं तेव्हा तिशी ओलांडून गेली होती.

मी पाहिलेला सामना रद्द झाला, म्हणजे काय झालं?

८ एप्रिल २०१३ ला लुईव्हिलने मिशिगनला ८२-७६ असं हरवलं. त्याच्या आठवडाभर आधी केविन वेअर या खेळाडूचा पाय मैदानावर असा मोडला, की बाकावरची मुलं रडत होती. अंतिम सामन्यात ल्यूक हॅन्कॉकने २२ गुण केले आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते विजेतेपद आणि एकूण १२३ विजय रद्द झाले. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये एनसीएएने असं विजेतेपद पहिल्यांदाच काढून घेतलं. सभागृहाच्या छतावरून बॅनर उतरवलं.

हॅन्कॉक आणि चार सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. वसतिगृहातल्या प्रकाराशी आपला संबंध नव्हता, तरी आपल्याला त्यात ओढलं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये तडजोड झाली. विजेतेपद परत आलं नाही, पण त्या पाच जणांचे वैयक्तिक आकडे आणि सन्मान एनसीएएने पुन्हा मान्य केले. त्यामुळे आज नोंद अशी आहे, की त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू आहे, अंतिम सामन्यात त्याचे २२ गुण आहेत, आणि विजेत्याच्या रकान्यात कोणीच नाही.